ईएसपी३२ चा ३० पिनवाला बोर्ड : चिप एक नंबर, बोर्ड बघून घ्या

चिपला पाचपैकी पाच, बोर्डाला तीन. आमच्या रविवारच्या टोळक्यात नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, उनो घेऊ का ईएसपी३२ (दोन्ही सेन्सर-रिले जोडून प्रोग्राम करायचे छोटे बोर्ड), आणि तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

बोलतोय ते पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळणाऱ्या काळ्या, बिननावाच्या बोर्डाबद्दल. ४००-४५० च्या आसपास बसतो, दुकान बदललं की भाव बदलतो. वरची पत्र्याची डबी म्हणजे चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफचं मोड्यूल, ते चांगलंच असतं. बाकी रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग), यूएसबीची चिप, बटणं हे सगळं बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर, आणि पैसे वाचवलेत ते तिथेच.

चिपबद्दल तक्रारच नाही. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ आतच. उनोत १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी रॅम, आणि वायफाय हवं तर वेगळं मोड्यूल शोधत बसा. २०१६ ची चिप आहे, नंतर नव्या बऱ्याच आल्या तरी अडलात तर उत्तर हिच्यावरच पटकन सापडतं. फक्त वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच आहे हं, राऊटर निव्वळ ५ वर ठेवलेला असेल तर बोर्डाला तो दिसणारच नाही आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसाल.

आता पिना. बोर्डावर ३० पिना दिसतात म्हणून खूश होऊ नका. ३४ पासून पुढच्या नुसत्या इनपुट, त्यांना आतला पुलअपही (पिन मोकळी असताना हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही, त्यामुळे बटण लावायचं तर बाहेरून रेझिस्टर द्यावा लागतो. १२ नंबर सुरू होताना हाय (म्हणजे ३.३ व्होल्टवर) असला तर बोर्ड बूटच होत नाही. अॅनालॉग वाचणाऱ्या पिनांचे दोन गट आहेत, त्यातल्या एडीसी२ च्या पिनांवर वायफाय चालू असताना अ‍ॅनालॉग रीडिंग मिळत नाही, म्हणजे मातीच्या ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनेवरच लावा. आणि सगळा कारभार ३.३ व्होल्टचा. टाकीतलं पाणी मोजायला एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी त्याच्या इको पिनेला व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर द्या, तिथून ५ व्होल्ट येतात. काही जण थेट जोडतात आणि चालतंय की म्हणतात, चालतं, जोवर चालतंय तोवर.

टाकीवरून आठवलं, ५ व्होल्टचं रिले मोड्यूल (सिग्नलवर चालणारा स्विच) ३.३ च्या सिग्नलवर कधीकधी बंदच होत नाही, चिकटून राहतं. मोड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असेल तर तो काढा, कॉइलला वेगळे ५ द्या आणि व्हीसीसीला ३.३, मग गुमान वागतं. पण रिलेवर १० अँपिअर छापलंय म्हणून सोसायटीची मोटर थेट त्यावर टाकू नका!! सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट करंट खेचते, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट स्विच) पाहिजेच, आणि ती वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या.

बोर्डाचे दोन तारे कापले ते मुख्यतः पॉवरसाठी. चिपचा डीप स्लीपमधला, म्हणजे गाढ झोपेतला, करंट १० मायक्रोअँपिअरच्या आसपास, हे खरं, पण या बोर्डावर लाल एलईडी कायम जळत असतो, रेग्युलेटर नि यूएसबीची चिप आपापलं खातच असतात. १० मिलीअँपिअर धरले तरी २६०० एमएएचचा सेल अकरा दिवसांत आडवा. त्यात बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो, त्याला वर एक व्होल्टभर जास्त लागतं, म्हणजे ३.७ चा लिथियम सेल व्हीआयएनला (पॉवर द्यायच्या पिनेला) लावून उपयोगच नाही. वायफाय सुरू होताना करंट उडी मारतो, केबल बारीक असली की सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डाचे मेसेज दिसतात ती खिडकी) ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, मेसेज आणि रिसेट. बॅटरीवर शेतात ठेवायचं असेल तर हा बोर्ड नकोच, नुसतं मोड्यूल घेऊन चांगला रेग्युलेटर लावा. घरात मोबाईलच्या चार्जरवर चालवायचं तर बिनधास्त घ्या.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पट्टी) बसवला की एकाच बाजूला भोकांची एक रांग उरते, दुसरीकडे वायर घुसवायला जागाच नाही. दोन ब्रेडबोर्ड शेजारीशेजारी लावून मध्ये बसवायचा, सगळे तेच करतात. अपलोड करताना कनेक्टिंगवर टिंबं टिंबं येत राहिली तर बूटचं बटण दाबून धरा, रोजचा वैताग असेल तर ईएन (रिसेटची पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि जुना कोड चिकटवताना लेडसीसेटअप (ledcSetup) सापडत नाही असा एरर आला तर बोर्डाला शिव्या देऊ नका, ईएसपी३२ साठीच्या आर्डुइनो कोअरच्या (आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं पॅकेज) ३.० मध्ये ते फंक्शनच काढलंय, आता लेडसीअटॅच (ledcAttach) वापरायचं.

सातवी-आठवीतल्या पोराला पहिला बोर्ड म्हणून मात्र मी अजून उनोच देईन, तो ५ व्होल्टचा आहे आणि उलटसुलट जोडणी बरीच सहन करतो. बाकी सगळ्यांनी हाच घ्या, दुकानात यूएसबीची चिप सीपी२१०२ आहे का सीएच३४० ते विचारा म्हणजे ड्रायव्हर कुठला टाकायचा ते कळेल, पिना सोल्डर केलेलाच मागा आणि केबल डेटावाली आहे का ते तिथेच लॅपटॉपला लावून बघा.