बेकिंगसाठी घरघंटी घ्यावी का?

घरघंटी बहुतेक घरांत रोजच्या पिठासाठी येते. माझ्याकडे ती आली ओव्हनमुळे. तयार पिठाचा गव्हाचा पाव मला बऱ्याचदा किंचित कडवट लागायचा. कारण अंकुरात आहे. गव्हाच्या दाण्यात अंकुर जेमतेम 2 ते 3 टक्के, पण त्यात तेल भरपूर. दाणा अखंड आहे तोवर ते जपलेलं राहतं. दळलं की हवा लागते आणि पीठ हळूहळू खवट होत जातं. आता मी हवं तेवढंच दळते आणि लगेच वापरते. पावाला गोडसर, भरलेली चव येते. एवढ्यासाठीसुद्धा मी हे यंत्र पुन्हा घेईन.

माझं यंत्र दगडाचं नाही. आत पोलादी हातोडे फिरतात आणि जाळीतून पीठ खालच्या डब्यात पडतं. सगळ्यात बारीक जाळीचं पीठही मैद्याइतकं तलम नसतं. पाव, मफिन, बिस्किटं यांना ते उत्तम. हलक्या स्पंज केकला मात्र नको, कोंड्याच्या कणांमुळे तो बसतो.

हे पीठ आणलं म्हणजे जुनी कृती तशीच चालत नाही, आणि इथेच बरेच जण निराश होतात. कोंडा पाणी खूप पितो, पण सावकाश. 500 ग्रॅम पिठाला मी 380 ते 400 ग्रॅम पाणी घेते, नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवते. यीस्ट आणि मीठ त्यानंतर. तोवर कोंडा मऊ होतो आणि ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, धागे कमी तुटतात. कणीक हाताला चिकटते, चिकटू द्या. वरून पीठ टाकत गेलात तर पावाची वीट होईल. आणखी एक: बारीक जाळीचं पीठ कोमट निघतं. ते ताटात पसरून गार करा, नाहीतर कणीक घाईने फुगते आणि चव मुरतच नाही.

नाचणी, ज्वारीही घरघंटी छान दळते. त्यांत ग्लुटेन नाही, म्हणून पावात मी एकूण पिठाच्या चौथ्या हिश्श्यापुढे जात नाही. बिस्किटांत मात्र निम्मी नाचणी घालते, काय खुसखुशीत होतात! जवस आणि तीळ यात टाकू नका, तेलाने जाळी बुजते.

मसालेही नकोत, वास आत बसून राहतो. वेलची मी ऐनवेळी खलबत्त्यात कुटते. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मंदावतं, म्हणून ती कणकेत न मळता लाटलेल्या कणकेवर भुरभुरते आणि गुंडाळी करते. रोज खाणाऱ्यांनी सिलोन दालचिनीच घ्यावी. कॅशिया या दुसऱ्या जातीच्या दालचिनीत कूमारिन हे नैसर्गिक रसायन कितीतरी जास्त असतं आणि त्याचा अतिरेक यकृताला बाधू शकतो.

तक्रारी दोन. आवाज मोठा आहे, लहान मूल झोपलेलं असताना दळण शक्य नाही. आणि दाराच्या रबरी कडेत पीठ अडकतं. ते राहिलं तर किडे होतात. सोबत आलेला ब्रश त्या खाचेत पोचत नाही. चित्रकलेचा बारीक, कोरडा ब्रश वेगळा ठेवा आणि प्रत्येक दळणानंतर फिरवा.