पाठीवर नाव नसलेली जर्सी : सीताबर्डीतील एका छपाई दुकानाचा अनुभव

क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाची तयार जर्सी मला नागपुरात कुठेही मिळाली नाही, म्हणून ती सीताबर्डीतील एका लहान दुकानातून शिवून आणि छापून घेतली. क्रिकेट व कबड्डीच्या संघांना गणवेश पुरवणे हा या दुकानाचा मुख्य धंदा असल्यामुळे माझी मागणी त्यांना चमत्कारिक वाटली असावी. तरीही मालकांनी नमुन्याचे चित्र लक्षपूर्वक पाहिले आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "पाठीवर नाव कोणाचं टाकाचं, भाऊ? एकदा टाकलं का मंग निंगत नाही."

याचे उत्तर क्लीव्हलँडमध्येही कोणी छातीठोकपणे देणार नाही. मला नाव हवे होते क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूचे, आणि 1999 मध्ये हा संघ पुन्हा उभा राहिल्यापासून त्या जागी चाळीसहून अधिक जणांनी सामन्याची सुरुवात केली आहे. त्यांच्यापैकी सुरुवातीच्या टिम काउचच्या जर्सीवर पुढच्या प्रत्येकाचे नाव चिकटवत नेलेली एक जर्सी तिकडे प्रसिद्धच आहे. 2022 मध्ये संघाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला आणले आणि त्याला पाच वर्षांसाठी 23 कोटी डॉलर मानधनाची पूर्ण हमी दिली. 2024 मध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि संघ त्या हंगामात 17 पैकी तीनच सामने जिंकला. 2025 चा हंगाम चाळिशीतल्या जो फ्लॅकोने सुरू केला, परंतु ऑक्टोबरमध्ये त्याला सिनसिनाटीच्या संघाला देऊन टाकण्यात आले. त्यानंतर डिलन गॅब्रिएल आणि शेड्यूर सँडर्स हे दोन नवखे खेळाडू एकामागून एक आले, आणि पाच विजयांवर हंगाम संपला. याच संघाने 1946 ते 1955 या काळात ऑटो ग्रॅहम या क्वार्टरबॅकच्या जोरावर सलग दहा अंतिम सामने गाठले होते, हे आता सांगूनही खरे वाटत नाही.

दुकानदारांनी कापडाची बाजूही समजावून सांगितली. सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कापडात मुरवायची, शाई पारदर्शक असल्यामुळे ती पांढऱ्या किंवा फिकट पॉलिस्टरवरच उठून दिसते. गडद तपकिरी कापडावर व्हिनाइलची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, अक्षरे कापून गरम दाबयंत्राने चिकटवावी लागतात. ती उष्णता देऊन सोलता येतात, पण गोंदाचा डाग आणि अक्षरांची सावली मागे राहते, हे त्यांनी एका जुन्या कबड्डी गणवेशावर दाखवले. एवढे प्रामाणिक मार्गदर्शन मोठ्या दुकानांत क्वचितच मिळते. शेवटी सँडर्सचा 12 हा क्रमांक छापावा आणि वरची नावाची जागा कोरी ठेवावी, असे ठरले.

शिलाई नेटकी आहे, बाह्यांवरील पट्टे सरळ आले आहेत. रंग मात्र ब्राउन्सच्या तपकिरीपेक्षा चॉकलेटी झाला आणि काम सांगितलेल्या तारखेनंतर चार दिवसांनी हाती आले. जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवावी, ही सूचनाही मला आधी दिली गेली नव्हती. तिसऱ्या धुण्यात 12 मधील दोनाची कड सुटली. तक्रार केल्यावर मालकांनी ती तिथल्या तिथे, पैसे न घेता पुन्हा दाबून दिली आणि नावाचे नक्की झाले का, अशी चौकशी केली. पुढचा हंगाम सुरू झाल्यावर येतो, असे सांगून मी निघालो.