स्पिनिंग रील, 4000 आकाराचे : घेतल्यानंतर आठ महिन्यांनी, आणि मोडलेल्या एका स्प्रिंगविषयी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, मी या रीलची, म्हणजे गळाच्या काठीला लावायच्या चरखीची, कमान मोडलेली पाहिली. मासेमारी तेव्हा बंदच होती, कारण विणीच्या काळात आमच्या गावची मच्छीमार संस्था तलावात जाळे टाकत नाही आणि मीही गळ टाकत नाही. कोजागिरीनंतर गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातल्या तलावांवर जायचे ठरले होते, म्हणून शिशाचा गोळा बांधून नुसता फेकण्याचा सराव करत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेकीनंतर हँडल फिरवले, तर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) अडवणारी तारेची कमान अर्ध्यावर येऊन लुळी पडली. बोटाने लोटली की मिटत होती, सोडली की पुन्हा उघडत होती. आत पाहिले, तर स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले होते.

हे रील मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात 2,850 रुपयांना घेतले आणि फेब्रुवारी ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी वापरले. बहुतेक वेळ आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गेला, तीन वेळा इटियाडोह धरणाच्या काठावर गेलो.

वापराचे ते चार महिने मी या रीलवर खूश होतो, आणि ती खुशी खोटी नव्हती. एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर जवसाची ढेप आणि कणीक एकत्र मळून लावलेल्या गळाला साडेसहा किलोचा कतला लागला. तो पाळीपासून (तलावाच्या बांधापासून) थेट तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, खांबाकडे धावला. तिथे तंगूस घासला असता, तर एका क्षणात सगळे संपले असते. ड्रॅगने, म्हणजे ठरावीक ताणावर तंगूस सोडणाऱ्या रीलमधल्या ब्रेकने, त्याला झटका न देता, एकसारख्या आवाजात तंगूस सोडत नेले, आणि मी बाजूने ताण दिल्यावर तो वळला. ड्रॅग मी आधीच वजनकाट्याला तंगूस बांधून लावून ठेवला होता. तंगूस 8 किलोच्या ताणाला तुटणारा असेल, तर ड्रॅग 2 ते अडीच किलोवर सुटायला हवा, म्हणजे साधारण चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्याच्या आत. अंदाजाने लावलेला ड्रॅग मोठा मासा लागल्यावर नेमका चुकतो. या किमतीत इतका मऊ चालणारा ड्रॅग मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

म्हणूनच स्प्रिंगचा राग अधिक आला. सेवा केंद्राला मी सात वेळा फोन केला. नुसती स्प्रिंग पाठवा, लागेल ती किंमत देतो, असे प्रत्येक वेळी सांगितले. सुटा भाग ग्राहकाला देत नाहीत, पूर्ण रील शहरात पाठवावे लागेल, हे एकच उत्तर मिळाले. पाठवले. जाण्याचे कुरिअर 180 रुपये, तपासणीचे शुल्क 350 रुपये, परतीचे कुरिअर पुन्हा 180 रुपये. एकोणीस दिवसांनी रील जसेच्या तसे परत आले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की हा भाग उपलब्ध नाही आणि नवीन रील घेतल्यास किमतीत सूट मिळेल. नखावर मावेल एवढ्या तारेसाठी माझे 710 रुपये गेले आणि काम झाले नाही. शहरात राहणाऱ्या माणसाला हा प्रकार किरकोळ वाटेल. खेड्यातल्या माणसाला मात्र पार्सल द्यायलाच तालुक्याच्या ठिकाणी अर्धा दिवस घालवावा लागतो. म्हणून वस्तू किती काळ टिकते याइतकेच ती गावात दुरुस्त होते की नाही, हे त्याने विकत घेण्याआधी पाहायला हवे. मी ते पाहिले नव्हते.

इथपर्यंतचा मजकूर मी रील परत आले त्या रात्री लिहिला होता आणि शेवटी ‘घेऊ नका’ असे लिहून ठेवले होते. नंतरच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि माझे मत बदलावे लागले.

पहिली गोष्ट अर्जुनी मोरगावच्या बाजारात घडली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराला मी तुटलेले तुकडे दाखवले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते चिमट्यात धरले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, “हे त पेनातली स्प्रिंग आहे जी, गुरुजी.” खणातून त्यांनी पाच रुपयांचे एक बॉलपेन काढले, त्यातली स्प्रिंग जुन्या तुकड्यांशेजारी ठेवली आणि दोन वेढे कापले. कमानीचा स्क्रू काढताना खाली पांढरा रुमाल अंथरला होता, कारण बारीक चकती उडाली की सापडत नाही. दहा मिनिटांत कमान पुन्हा ‘टक्’ आवाज करून मिटू लागली. मूळ स्प्रिंगइतका जोर त्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण कमान पूर्ण मिटते आणि आपोआप उघडत नाही. त्यांनी वीस रुपये घेतले आणि आणखी दोन स्प्रिंगा कापून दिल्या.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात चूक माझी होती. आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेतले एक धीवर काका रील पाहायला घरी आले. त्यांनी आयुष्यभर जाळे आणि हाताने टाकायची दोरी वापरली आहे, रील कधी धरलेले नाही. त्यांनी स्पूलवरचा (रीलच्या रिळावरचा) हातभर तंगूस ओढून सैल सोडला, तर तो लगेच स्वतःभोवती गुंडाळून वेटोळे झाला. तो दोन बोटांत फिरवत त्यांनी विचारले की एवढा पीळ कसा पडला. उत्तर शोधताना लक्षात आले की प्रत्येक फेकीनंतर मी हँडल फिरवून कमान मिटवत होतो. असे केल्याने कमान झटक्याने आपटते, स्प्रिंगवर प्रत्येक वेळी धक्का बसतो, आणि तंगूस कमानीवर सैल गुंडाळला जाऊन पीळ वाढतो. शिवाय मासा तंगूस ओढत असताना मी हँडल फिरवत राहायचो. ड्रॅग घसरत असताना फिरवलेल्या हँडलने तंगूस आत येत नाही, त्यात फक्त पीळ भरतो. कमान हाताने मिटवायची, तंगूस बोटाने ताणून घ्यायचा आणि मगच हँडल फिरवायचे, ही पद्धत आता मी पाळतो. रविवारच्या एका बैठकीत शंभरावर फेकी होतात. चार महिन्यांत त्या स्प्रिंगने किती धक्के सोसले असतील, याचा विचार केल्यावर माझा निम्मा राग शांत झाला. उरलेला निम्मा सुटा भाग न विकण्याच्या धोरणावर आहे आणि तो तसाच राहील.

तंगूस मी पूर्ण बदलला. नायलॉन उन्हाने आणि पाण्याने कमकुवत होतो, आणि एका उन्हाळ्याचा वापरलेला तंगूस पुढच्या हंगामात मोठ्या माशासमोर नेणे मला पटत नाही. गाठ आवळण्याआधी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच तंगूस कच्चा होतो, हेही मी आता विसरत नाही.

सहलीचा बेत कायम आहे. कोजागिरीनंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मोटारसायकलने कोहमारा, गोरेगाव या मार्गाने निघायचे, रात्री तिरोड्याला साडभावांकडे मुक्काम करायचा आणि रविवारी पहाटे बोदलकसा किंवा चोरखमारा यांपैकी एका तलावावर पोहोचायचे. दोन्ही तलाव ब्रिटिश अमदानीत बांधलेले आहेत आणि जंगलाला लागून आहेत. चोरखमाऱ्याकडून नागझिऱ्यात जाण्याचे प्रवेशद्वार आहे, म्हणून अभयारण्याची हद्द कुठे सुरू होते ते वनरक्षकाला विचारूनच बसावे, अंदाजाने बसू नये. गळ टाकण्याची परवानगी साडभाऊ तिथल्या संस्थेकडून घेत आहेत. आपल्या भागातल्या तलावांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने धीवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेले असते आणि राखण त्यांनी केलेली असते, म्हणून न विचारता टाकलेला गळ मला चोरीच वाटतो.

हाच आठवडा निवडण्याचे कारण धानाशी जोडलेले आहे. या दिवसांत पावसाचा येवा थांबलेला असतो, गढूळपणा खाली बसू लागतो आणि भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाला शेवटचे पाणी देण्यासाठी तलावाचे पाणी सुटते. पाणी ज्या बाजूला ओढले जाते तिकडे बारीक मासे सरकतात आणि त्यांच्या मागे मरळ आणि शिवडा येतात, असा माझा आमच्या तलावावरचा अनुभव आहे. कतला आणि रोहू थंडी पडली की खाणे कमी करतात, त्यामुळे दिवाळीनंतर फार उशीर करून चालत नाही. मात्र पृष्ठभागावर मरळीच्या पिलांचा तांबूस घोळका दिसला, तर तिथे गळ टाकायचा नाही, हे आम्ही ठरवले आहे. आईबाप खालीच राखण करत असतात आणि ते काढले की सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

रील सोबत नेणार आहे. त्याबरोबर हाताने टाकायची दोरी, दोन गळ आणि धांड्याचा तरंगता तुकडाही पिशवीत ठेवला आहे, म्हणजे काठावर कमान पुन्हा दगावली तरी रविवार वाया जाणार नाही. उरलेल्या दोन स्प्रिंगा चुन्याच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवल्या आहेत.

ज्यांचे याच आकाराचे रील याच कारणाने पडून आहे, त्यांच्यासाठी मी मोजलेली मापे देतो. तारेची जाडी सुमारे 0.4 मिलिमीटर, वेढ्याचा बाहेरचा व्यास 4 मिलिमीटर आणि कापल्यानंतरची लांबी 22 मिलिमीटर. बसवताना कारखान्यातून आलेले सपाट टोक प्लास्टिकच्या खोबणीकडे आणि कापलेले टोक धातूच्या कांडीकडे ठेवावे. उलटे बसवल्यास कापलेली धार प्लास्टिकमध्ये रुतते आणि कमान पुन्हा अर्ध्यावर अडकते. पहिल्या खेपेला आमच्या कारागिरांनाही ते एकदा उलगडून पुन्हा बसवावे लागले होते.