खंबाटकी उतरण्याआधी ब्रेक मोजून देणारं गॅरेज

साताऱ्याकडून पुण्याला निघालेली भरलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडली की लगेच उताराला लागते, आणि त्या उतारावरच एस आकाराचं वळण येतं. २०१८ मध्ये त्याच वळणावर मजुरांना नेणाऱ्या टेम्पोच्या अपघातात १८ जण गेले. तिथून गाडी नीट सुटली तरी पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार बाकी असतोच. या पट्ट्यात ट्रकचा अपघात झाला की पहिल्या बातमीत बहुतेक वेळा ‘ब्रेक फेल’ एवढंच येतं. ब्रेक का गेले, किती दिवसांपासून जात होते, हे कुणी विचारत नाही.

सातारा ते उंब्रज दरम्यान सेवा रस्त्यालगत असलेल्या एका एअर ब्रेक गॅरेजबद्दल लिहायचं कारण हेच आहे. पत्र्याची शेड, काँक्रीटचा सपाट कोबा, एक खड्डा आणि चार माणसं. रंगकाम नाही, डेंटिंग नाही, फक्त ब्रेक आणि हब. वाटेवरच्या बहुतेक ठिकाणी मिस्त्री गाडीखाली जातो, स्लॅकला, म्हणजे ब्रेकची सैलाई काढणाऱ्या भागाला, पाना लावतो, दोन आटे देतो आणि ‘ब्रेक कसून दिले, जावा आता’ म्हणतो. इथं आधी मोजतात, आकडा कागदावर लिहितात आणि मगच पान्याला हात लावतात.

मोजण्याचं एवढं महत्त्व का, ते ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि आतून ब्रेक लागणाऱ्या लोखंडी डब्यात, काय होतं ते पाहिल्यावर कळतं. दहा चाकी गाडी मालासकट २८ टनांची धरा. ती १०० मीटर उंचीवरून खाली आली तर जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्यात साधारण ८० लिटर गार पाण्याला उकळी येईल. इंजिनाने गाडी धरली नाही तर यातली बरीचशी उष्णता सहा ड्रममध्ये जिरते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून, त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांपासून, लांब सरकतो. मग बूस्टरची, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याची, दांडी आणखी बाहेर आल्याशिवाय लायनर ड्रमला टेकत नाही. पण दांडीची धाव ठरलेली असते. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला ती एकूण सुमारे ६४ मिलिमीटर असते. गार ड्रमवरच दांडी ५० मिलिमीटर बाहेर येत असेल तर तापलेल्या ड्रमसाठी मागे फारसं काही उरत नाही. दांडी आतल्या आत टेकते आणि पुढचा सगळा जोर वाया जातो.

यातली घातक गोष्ट अशी की चालकाच्या पायाला यातलं काहीच कळत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पायडल खाली जातं, पाय सांगतो की काहीतरी बिघडलंय. एअर ब्रेकच्या पायडलखाली हवेचा व्हॉल्व्ह असतो. दांडी ३० मिलिमीटर येवो नाहीतर ६०, पायाला पायडल तसंच लागतं. सपाट रस्त्यावर गाडी थांबतेही. उणीव कळते ती घाटात, तिसऱ्या-चौथ्या वेळी दाबल्यावर.

गाडी आत आली की आधी पुढच्या-मागच्या चाकांना उट्या, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून ठोकळे, लागतात. उटी लागल्याशिवाय कुणी खाली जात नाही आणि हातब्रेक सोडत नाही. मग इंजिन चालू ठेवून हवेच्या टाक्या भरतात, इंजिन बंद करतात, हातब्रेक सोडतात. मिस्त्री प्रत्येक बूस्टरच्या तोंडाशी दांडीवर खडूची रेघ मारतो आणि वर ओरडतो, “पाव्हणं, पायडल दाबून धरा, सोडू नका!” हवा सहा-सात बारच्या आसपास असताना रेघ किती पुढे आली ते स्टीलच्या पट्टीने मोजतो. ३० नंबरच्या साध्या बूस्टरला ५० मिलिमीटरच्या वर आलेलं इथं चालत नाही, २४ नंबरला ४५ च्या वर. लांब धावेचे बूस्टर वेगळे असतात, त्यांची मर्यादाही वेगळी, म्हणून मिस्त्री आधी बूस्टरवरचा नंबर पुसून वाचतो. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकात फरक दिसला तर तेही लिहितो. डावीकडे ३२ आणि उजवीकडे ४६ असेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताच गाडी डावीकडे ओढणार.

जुन्या गाड्यांना हाताने कसायचे स्लॅक असतात. ते कसण्याची रीत सोपी आहे, पण घाईत चुकते. बोल्टभोवतीची लॉकिंग बाही आत दाबून बोल्ट फिरवायचा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत. मग पाव ते अर्धा आटा मागे. पाना काढल्यावर बाही परत बाहेर आली की नाही ते बोटाने चाचपून बघायचं. ती चिखल-ग्रीसने आतच अडकली असेल तर स्लॅक चालताना स्वतःहून सैल होतो आणि शंभर किलोमीटरवर केलेलं काम परत मूळपदाला येतं. इथले मिस्त्री बाहीवर आधी डिझेलचा ब्रश मारतात. मिनिटभराचं काम, पण बाकी ठिकाणी ते क्वचितच दिसतं.

ऑटो स्लॅकच्या बाबतीत या गॅरेजचं खास कौतुक करायला हवं. ऑटो स्लॅक स्वतःच स्वतःला कसतो. त्याची धाव जास्त आली तर हाताने कसून देणं म्हणजे ताप मोजून थर्मामीटर झटकण्यासारखं आहे, आजार तसाच राहतो. कॅमशाफ्टचा, म्हणजे लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या दांड्याचा, बुश झिजलेला असतो, दांडी आणि स्लॅक जोडणारी क्लेव्हिस पिन अंडाकृती झालेली असते, स्लॅकचा ब्रॅकेट ढिला असतो किंवा स्लॅकच आतून गेलेला असतो. इथं आधी कॅमशाफ्ट हाताने वर-खाली हलवून खेळ बघतात, मग पिन, मग ब्रॅकेट. सगळं ठीक असूनही धाव जास्त असेल तर स्लॅक बदलायला सांगतात, आणि त्याच एक्सलच्या दोन्ही बाजूंचा. खर्च वाढतो आणि मालक कुरकुरतात, पण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला स्लॅक लावणं म्हणजे गाडी ओढायचीच सोय.

लायनरसाठी ड्रम उतरवतात. ड्रममागच्या तपासणीच्या छोट्या खिडकीतून टॉर्च मारून बघण्यावर थांबत नाहीत. सर्वांत पातळ जागी साडेसहा मिलिमीटरच्या खाली गेलेलं लायनर पुन्हा लावत नाहीत. रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाजवळ आलं असेल तर जाडी कितीही असो, तो जोडा बाजूला. लायनर काचेसारखं चकाकत असेल तर ते एकदा तरी अति तापलंय. त्याच्याकडे बघताना ड्रमच्या आत निळसर डाग आणि बारीक भेगाही शोधतात. हब सीलमधून ग्रीस किंवा तेल उतरून लायनर भिजलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन लावायची विनंती इथं मान्य होत नाही, आणि ते बरोबरच आहे. लायनर तेल आत ओढून घेतं आणि तापलं की परत बाहेर सोडतं. ड्रमवर छापलेला कमाल व्यासाचा आकडा वाचून त्याच्या आत असेल तरच लेथला पाठवतात.

हवेची गळती घड्याळ लावून बघतात. टाक्या आठ बारपर्यंत भरून, इंजिन बंद करून, पायडल एक मिनिट दाबून धरायचं. काटा ०.२ बारपेक्षा जास्त खाली गेला की साबणाच्या पाण्याची बाटली निघते आणि एकेक जोड तपासला जातो. बहुतेक वेळा फेस येतो तो बूस्टरच्या होजपाशी किंवा चासीला घासलेल्या नायलॉन पाइपवर. मग पायडल पुन्हा पुन्हा मारून हवा उतरवतात आणि चार-पाच बारच्या सुमाराला डॅशबोर्डवरचा दिवा-बझर लागतो का ते बघतात. बझरची वायर काढून ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, हे चालकांना नवीन नाही. इथं ती वायर जोडूनच देतात, विचारत नाहीत.

हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक उघडण्याचं काम ते मुद्दाम चालकासमोर करतात. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात काय पडतं ते दाखवतात. नितळ पाणी थोडंसं आलं तर रोज सोडत जा, एवढंच सांगतात. बरंच पाणी आलं तर हवेतली ओल शोषणारी एअर ड्रायरची बाटली संपली. दुधाळ, ताकासारखं पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल व्हॉल्व्हच्या रबरांना खातं. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवेत ओल इतकी असते की आठवडाभर टाकी सोडली नाही तरी डबा अर्धा भरतो. कोयनेकडे किंवा कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणाऱ्या गाड्यांनी जून ते सप्टेंबर तर हे रोज करायलाच हवं.

शेवटी चाचणी फेरी, चार-पाच ठिकाणी ठरवून ब्रेक मारत. परत आल्या आल्या टेंपरेचर गनने सगळे ड्रम बघतात. ही गोष्ट फार उपयोगाची आहे. पाच ड्रम ९०-१०० अंशांवर आणि एक ४० वर असेल तर ते चाक काम करत नाहीये आणि बाकीची पाच त्याचं ओझं वाहतायत. एकच ड्रम १५०-१६० दाखवत असेल तर तिथं ब्रेक सुटत नाहीये. खडूच्या मापात न सापडलेली चूक इथं सापडते.

सगळे आकडे एका पिवळ्या कार्डावर लिहून देतात: चाकनिहाय धाव, लायनरची जाडी, गळती, ड्रमचं तापमान, तारीख आणि किलोमीटर. दर फळ्यावर एक्सलप्रमाणे लिहिलेला आहे, सामान वेगळं. जुने भाग पोत्यात घालून परत देतात. दहा चाकीला मोजणी आणि कसणं एवढंच असेल तर दोन-अडीच तास लागतात. ड्रम उतरवायचे असतील तर दिवस धरावा.

चालकांसाठी मागे चार खाटा, पंखा आणि प्यायचं पाणी आहे. गाडी कामाला लागली की चालकाला तिथं झोपायला पाठवतात, आणि चाचणी फेरी गॅरेजचाच माणूस मारतो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. बेंगळुरूहून एका दमात आलेल्या चालकाला हे वाचून दाखवण्यात अर्थ नाही, कारण पोचायची वेळ तो ठरवत नाही. त्याला तीन तास झोप मिळते, हे या गॅरेजच्या बाजूने मोठं आहे.

आता उणिवा. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र इथं नाही. धाव बरोबर असूनही लायनर हलक्या प्रतीचं असेल तर ते खडू आणि पट्टीला कळत नाही. तापमान बघून अंदाज येतो, आकडा मिळत नाही. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागलेला असेल तर हे लोक सेन्सरची वायर आणि दातेरी रिंग साफ करून बघतात, त्यापुढे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाठवतात, कारण स्कॅनर नाही. लांब ट्रेलर आडवा-तिडवा लावावा लागतो, जागा कमी पडते. आणि सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे चाकाचे नट अजून लांब पाइप लावून कसतात. ठरलेल्या जोराने नट कसणारा टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला आहे, पण घाईत तो उतरत नाही. पाइपने एक नट जास्त आणि दुसरा कमी कसला जातो. जास्त ताणलेला स्टड पुढे तुटतो. इथून निघाल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा तपासायचेच, हे ते तोंडी सांगतात. ते कार्डावरही छापायला हवं.

दुसरं, उतारावर गाडी कशी धरायची हे इथं सांगतात, पण विचारलं तरच. ते प्रत्येकाला सांगावं, कारण ब्रेक कितीही चांगले असले तरी न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीला ते पुरत नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, लावायचा. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की ठाम दाबून पाच-सात किलोमीटरने खाली आणायचा आणि ब्रेक पूर्ण सोडायचा. पाय हलका टेकवून ठेवला तर ड्रमला निवायला वेळच मिळत नाही. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक निरुपयोगी होतो आणि इंजिन नुसतं घरघरत असल्याने कॉम्प्रेसर हवा सावकाश भरतो. इंजिनच बंद केलं तर हवा भरणं थांबतं आणि स्टिअरिंगही जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली, तेव्हाही आधी ब्रेक फेलचीच चर्चा झाली. नंतर पोलिसांनी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं सांगितलं. त्यातून वाचणारं डिझेल चहाच्या पैशाएवढं असतं.

घाट उतरून थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर लगेच हातब्रेक ओढून ठेवू नये, उट्या लावून निवू द्यावेत. एवढं मात्र इथला प्रत्येक मिस्त्री न विचारता सांगतो.

ऊस गाळपाच्या हंगामात इथं रांग असते, नोव्हेंबर ते मार्चमध्ये सकाळी आठच्या आत गाडी लावलेली बरी. रविवारी बंद. येताना गाडीच्या मॅन्युअलमधलं ब्रेकचं पान किंवा त्याचा फोटो आणावा, कारण धाव आणि लायनरचा कंपनीने दिलेला आकडा वेगळा असेल तर मिस्त्री तोच धरतात. गाडी शक्यतो रिकामी आणावी आणि ड्रम गार असावेत. घाटातून थेट आत आणलेली गाडी ते तासभर तशीच उभी करतात, कारण तापलेल्या ड्रमवर घेतलेलं माप कार्डावर लिहीत नाहीत.