डबचा एको: तयार प्लगइन घ्यावं की रिटर्नवर स्वतः लूप बांधावा?

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1970च्या दशकात साउंड इंजिनिअर किंग टबी डब (रेगे गाण्यातला आवाज-वाद्यं काढत-घालत, एको लावून केलेलं रूप) मिक्स करत, तेव्हा एको अक्षरशः त्यांच्या हातात असे. फेडर (आवाजाची सरकपट्टी) सरकवून एखादाच शब्द डिलेत (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टमध्ये) सोडायचा आणि हाय-पास (खालचे सूर कापणारा) फिल्टर फिरवत तो पातळ करत न्यायचा. सॉफ्टवेअर निवडताना हाच निकष लावावा: एको चालू असताना त्यात किती हात घालता येतो?

रोलंडच्या आरई-201 स्पेस एको या टेप-एको यंत्राच्या धर्तीवरचं प्लगइन लवकर जमतं. ते रिटर्न ट्रॅकवर (इतर ट्रॅक ‘सेंड’ने आपला आवाज पाठवतात तो इफेक्टचा ट्रॅक) टाका, वेट म्हणजे इफेक्टचा आवाज 100 टक्के ठेवा. ड्राय म्हणजे इफेक्टविना आवाज उरला तर सेंड वाढवताच मूळ आवाजही फुगतो. 72 बीपीएमला (मिनिटाला 72 ठोके) डॉटेड आठव्याचे (पाऊण ठोक्याचे) 625 मिलिसेकंद येतात. फीडबॅक (एको पुन्हा डिलेत किती परततो ते) 60 टक्क्यांच्या आसपास ठेवून सेंड फक्त शेवटच्या रिमशॉटवर (ड्रमच्या कडेवरच्या ठोक्यावर) उघडा. मात्र दोन आवर्तनांच्या मध्ये स्वतःचा इफेक्ट घालायला बहुतेक प्लगइनमध्ये जागा नसते.

रिटर्नचा आवाज त्याच रिटर्नला परत देणाऱ्या लूपमध्ये ती मिळते. रिटर्नवर क्रमाने हाय-पास फिल्टर (200 हर्ट्झ), वरचे सूर कापणारा लो-पास (3 किलोहर्ट्झ), हलकं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीत करणारा इफेक्ट), साधा डिले आणि शेवटी आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा लिमिटर लावा. डिलेचा स्वतःचा फीडबॅक शून्यावर आणा आणि रिटर्नचा सेंड त्याच रिटर्नला द्या. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये हा सेंड मुळात बंद असतो, राइट-क्लिक करून चालू करावा लागतो. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधून फीडबॅक राउटिंगला परवानगी द्यावी लागते. आता प्रत्येक फेरीत आवाज फिल्टरमधून जातो, म्हणून तो नुसता कमी होत नाही, झिजत जातो. डबचा जीव या झिजण्यात आहे.

अडचणी दोन. एक, सेंड जरा पुढे गेला की आवाज भडकतो. त्यासाठीच लिमिटर, त्याची मर्यादा उणे 6 डेसिबल. सेंडही उणे 12 डेसिबलपासून हळूहळू वर न्या. दुसरी पटकन लक्षात येत नाही: लूपची प्रत्येक फेरी एका बफरने (संगणक एका दमात हाताळतो तेवढ्या आवाजाच्या तुकड्याने) उशिरा येते. 48 किलोहर्ट्झला 512 सॅम्पल्स म्हणजे जवळपास 11 मिलिसेकंद, आणि चार-पाच फेऱ्यांत एको तालाच्या मागे पडतो. बफर 128 करा, नाहीतर डिलेची वेळ तेवढी कमी करा.

उद्या गाणं द्यायचं असेल, तर प्लगइनच घ्या. पूर्ण डब व्हर्जन करायचं असेल, तर लूपला पर्याय नाही. फक्त सेंड आणि फिल्टर मिडी कंट्रोलरच्या खऱ्या नॉबवर घ्या, माउसने दोन्ही एकदम फिरत नाहीत. रिटर्न वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करत जा, कारण तोच फेरा पुन्हा तसाच येत नाही.