कॉलेजात ट्यूटर की वॉर्डातच शिकवणं?

गोव्यात बांबोळी, म्हापसा किंवा मडगावच्या हॉस्पिटलात दोन-तीन वर्षं ड्युटी झालेल्या सिस्टरला शिकवायची ओढ असेल, तर पुढे दोन वाटा आहेत: नर्सिंग कॉलेज, नाहीतर वॉर्डातच राहून नव्या स्टाफला तयार करणं.

कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग आणि १ वर्षाच्या अनुभवावर ट्यूटर होता येतं, पण असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.एस्सी. लागतेच. ती २ वर्षांची. प्रवेशाला पदवीत किमान ५५ टक्के आणि १ वर्षाचा अनुभव. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन आणि संशोधन, दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन आणि प्रबंध. घोळ होतो तो प्रबंधात. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीची परवानगी उशिरा मिळाली की माहिती गोळा करायला वेळच उरत नाही, म्हणून विषय पहिल्याच वर्षी पक्का करा. स्पेशालिटीही जपून निवडा, पुढे बहुधा तोच विषय शिकवायचा असतो.

वॉर्डात वेगळी पदवी लागत नाही. मात्र बहुतेक ठिकाणी शिकवण्याचं काम ड्युटीवरच चढतं आणि बढतीत ते धरलं जाईलच असं नाही. हे आधी विचारून घ्या.

तरीही हाताचं कौशल्य वॉर्डातच नीट शिकवता येतं. कॅन्युलाचं, म्हणजे सुईवरून शिरेत सरकवायच्या बारीक नळीचं, उदाहरण घ्या. रक्त दिसताच विद्यार्थिनी कॅन्युला पुढे ढकलते आणि हात सुजतो. सुईचं टोक कॅन्युलाच्या थोडं पुढे असतं. सुई शिरेत गेली तरी कॅन्युलाचं तोंड अजून बाहेरच असतं. रक्त दिसल्यावर कोन कमी करायचा, १-२ मिलिमीटर आत जायचं, मगच सुई स्थिर धरून कॅन्युला सरकवायची. शिकवताना आधी न बोलता करून दाखवा, मग टप्प्याटप्प्याने समजावत करा, नंतर तिला सांगायला लावून तुम्ही करा, शेवटी तिने करावं. पहिले प्रयत्न मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर.

भाषेचंही तसंच. पुस्तक इंग्रजी, पण पेशंट कोकणी बोलणारे, दोडामार्ग-सावंतवाडीकडचे मराठी बोलणारे. ऑपरेशनआधी ‘काही खाऊ नका’ एवढंच सांगितलं तर पेशंट दुधाचा चहा घेतो आणि ऑपरेशन पुढे जातं. चहाचं नाव घेऊन सांगायचं, आणि ‘मी काय सांगितलं, सांगा बघू’ असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

म्हणून आमचं मत: आधी वॉर्डात शिकवा, मग एम.एस्सी. करा. ज्यांनी विद्यार्थिनीच्या हातातली सुई कधी सावरली नाही, त्यांचा वर्गातला धडा कोरडाच राहतो. घरच्या अडचणीमुळे २ वर्षं काढणं शक्य नसेल, तर वॉर्डाची वाट कमी प्रतीची मुळीच नाही. फॉर्म भरण्याआधी इन्चार्ज सिस्टरकडून १५ दिवसांसाठी एक विद्यार्थिनी मागून घ्या. रोज एकच कौशल्य शिकवा, चुकलं तर पेशंटसमोर न बोलता ड्रेसिंग रूममध्ये सांगा, आणि १५व्या दिवशी तिला ते एकटीने करताना बघा.