पीएचपीमधली तारखांची तुलना : होमस्टे बुकिंगवर एक अख्खा मोसम वापरल्यानंतर

गोव्यातल्या मोरजी-हरमल पट्ट्यातल्या होमस्टेंच्या बुकिंगसाठी पूर्ण मोसमभर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतला डेटटाइम-इम्युटेबल (तारीख-वेळ साठवणारा, एकदा बनवला की न बदलणारा ऑब्जेक्ट) वापरला. माझं मत स्पष्ट आहे: तारखांच्या कामाला दुसरं काही घेऊ नका. आधीचा कोड तारखा नुसता मजकूर म्हणून ताडून पाहायचा. दिवस-महिना-वर्ष अशा क्रमात ०५-०१-२०२५ ही तारीख मग १२-१२-२०२४ च्या आधीची ठरते, कारण ० हा १ च्या आधी येतो.

मजकुराऐवजी असे ऑब्जेक्ट वापरले की 'लहान', 'मोठा' ही साधी चिन्हं चालतात, आणि टाइमझोन वेगळे असले तरी तुलना खऱ्या क्षणांची होते. आमच्याकडे लंडनचे पाहुणे बरेच. बुकिंग रद्द करायची मुदत आदल्या दिवशी दुपारी १२, भारतीय वेळ. पाहुण्याने तिकडे सकाळी ७ वाजता बटण दाबलं, तर डिसेंबरात इथे साडेबारा झालेले असतात, म्हणजे मुदत संपली. तेच ऑक्टोबरच्या सुरुवातीला केलं तर इथे साडेअकरा, म्हणजे पैसे परत. तिथलं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. हा हिशेब भाषा स्वतः सांभाळते. फक्त 'युरोप/लंडन' असं नाव द्या, हाताने तास मिळवू नका.

रात्री मोजताना मात्र जपून. २४ डिसेंबर दुपारी २ ते २७ डिसेंबर सकाळी ११ यातला फरक डिफ (दोन तारखांमधलं अंतर काढणारं फंक्शन) दोन दिवस दाखवतो, कारण तिसरे चोवीस तास पुरे होत नाहीत. बिल तर तीन रात्रींचं. त्यामुळे दोन्ही तारखा आधी मध्यरात्रीवर आणायच्या, मगच डिफ. शिवाय उत्तरातला 'डेज' (एकूण दिवस) वाचायचा, 'डी' (पूर्ण महिने वगळून उरलेले दिवस) नाही: २८ जानेवारी ते ३ मार्च २०२५ यात 'डी' ३ येतो, खरे दिवस ३४.

खरी डोकेदुखी तारीख आत घेताना होते. तिरप्या रेघांची ०५/०६/२०२५ पीएचपी अमेरिकी पद्धतीने ६ मे समजते, आडव्या रेघांची ०५-०६-२०२५ मात्र ५ जून. म्हणून फॉर्मवरून आलेली तारीख नेहमी क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅटनेच (आपण दिलेल्या साच्यानुसार तारीख वाचणारं फंक्शन) वाचायची, आणि साच्याच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह हवंच. ते नसेल तर तारखेला आत्ताची वेळ चिकटते आणि एकाच दिवसाच्या दोन तारखा समान निघत नाहीत. ३१ फेब्रुवारीही पीएचपी निमूटपणे मार्चमध्ये ढकलते, तेव्हा गेट-लास्ट-एरर्स (तारीख वाचताना आलेल्या चुका आणि इशारे सांगणारं फंक्शन) तपासा.

साधा डेटटाइमही तुलना अचूकच करतो, पण मॉडिफाय केलं (तारीख पुढे-मागे सरकवली) की मूळ तारीखच बदलते. खोली मोकळी आहे का हे बघणाऱ्या लूपमध्ये ते महागात पडतं. इम्युटेबल प्रत्येक वेळी नवी प्रत देतो, या एका गोष्टीसाठीच तो घ्यावा.

दोन डेट-इंटरव्हल (डिफमधून मिळतात तसे कालावधीचे ऑब्जेक्ट) मात्र थेट ताडता येत नाहीत, आवृत्ती ७.४ पासून इशारा येतो आणि उत्तर कायम 'नाही'. दोन्ही इंटरव्हल एकाच तारखेत मिळवा आणि येणाऱ्या तारखा ताडून पाहा.